बंटी कोणाचा?

मन्नू भंडारी यांची 'आपका बंटी' ही हिंदी कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. ती मुलांसाठी लिहिलेली नाही. परंतु घटस्फोटाकडे मुलाच्या उंचीवरून पाहणारी इतकी सच्ची कादंबरी आमच्या वाचनात दुसरी नाही. आई शकुन महाविद्यालयाची प्राचार्या, वडील अजय कलकत्त्याला. दोघांचेही पुढे दुसरे संसार मांडले जातात. बंटी मात्र आईच्या नव्या घरात उपरा आणि वडिलांच्या घरातही उपराच. अखेरीस त्याची रवानगी वसतिगृहात होते. विशेष हे, की या कथेत दुष्ट कोणीच नाही.

'मुलांसाठी तरी एकत्र राहा,' असे आम्ही धर्मगुरू दांपत्यांना सांगत आलो. हेतू चांगलाच होता. पण एकदा धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर एका मुलीने विचारले, ''फादर, मी नसते तर मम्मी-डॅडी सुखी झाले असते ना?'' आमच्या उपदेशाने त्या लहानग्या खांद्यांवर एक आख्खा विवाह तोलून धरला होता! शकुनही नकळत तेच करते. बंटी हा तिच्या मनात कधी अजयला परत आणणारा दुवा असतो, कधी त्याच्यावर उगारलेले शस्त्र.

वेदीसमोर वचन दिले ते दोन प्रौढांनी. मूल त्या वचनाचे फळ आहे, खांब नव्हे. वचन पाळायचे ते दिले म्हणून. मारझोड असेल तेथे वेगळे राहण्याची मुभा ख्रिस्तसभेचा कायदाही देतो. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली आणि ख्रिस्ती दांपत्यांनाही परस्परसंमतीचा मार्ग खुला झाला. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयातील त्या अर्जावर सह्या दोघांच्याच असतात.

विवाह मुळातच रद्दबातल ठरला, तर आपली मुले अनौरस ठरतील, ही भीती आम्ही अनेक घरांत पाहिली. ती निराधार आहे. दोघांपैकी एकानेही तो विवाह सद्भावनेने केला असेल, तर मुले औरसच, असे कायद्याचे ११३७ वे कलम सांगते. हे मुलांच्या कानावर कोणी घालीत नाही.

मत्तयच्या एकोणिसाव्या अध्यायात प्रभू येशू घटस्फोटाविषयी कठोर बोलतो, आणि लगेच पुढे लोक त्याच्याकडे बालके घेऊन येतात. मार्कनेही हाच क्रम ठेवला आहे. आम्ही मात्र हे दोन उतारे वेगवेगळ्या रविवारी, वेगवेगळ्या आवाजांत समजावीत आलो.

त्या मुलीला आम्ही त्या दिवशी एवढेच म्हणालो, की तिच्या डॅडी-मम्मींचे भांडण तिचे नाही. तिला ते पटले असे दिसले नाही. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, दोन तास बसलो. मुलीचे नाव मात्र एकदाही काढले नाही.