माणशी किती पडले?

कुठलाही खर्च झाला की मराठी माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो : "माणशी किती पडले?" लग्नाचं जेवण असो, अष्टविनायकाची बस असो, नाहीतर सोसायटीची पाण्याची टाकी असो, आपण हात धुवायला उठेपर्यंत पंगतीतल्या कुणीतरी मनातल्या मनात भागाकार करून टाकलेला असतो. यात वाईट काही नाही. शाळेत भागाकार शिकवतात तो उगाच नव्हे. पण माझी एक शंका आहे. भागाकार हे गणित झालं, तो न्याय आहे का?

ही शंका माझ्या डोक्यात घातली आमच्या मेहुण्यांनी, अर्थात नकळत. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण अजून भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा मध्ये काउंटरची जाळी असल्यासारखे बोलतात. एका रविवारी त्यांनी सेंट हेलेना बेटावरच्या विमानतळाचा विषय काढला. (आमच्याकडे रविवारी कुठलाही विषय निघतो. पोहे किती आहेत त्यावर तो किती लांबेल हे ठरतं.)

सेंट हेलेना म्हणजे तेच ते, नेपोलियनचं. आम्ही शाळेत "१८२१ साली सेंट हेलेना बेटावर त्याचा अंत झाला" एवढं लिहून मार्क पदरात पाडून घेतले आणि बेट सोडून दिलं. बेट मात्र तिथंच राहिलं. दक्षिण अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० किलोमीटर आत. विस्तार १२० चौरस किलोमीटरच्या आसपास. शेजारी म्हणावं असं बेट असेन्शन, तेही १,३०० किलोमीटरवर. म्हणजे साखर उसनी आणायची सोय नाही. वस्ती साडेचार हजारांच्या घरात. या लोकांना इंग्रजीत 'सेंट' म्हणतात. एका बेटावर साडेचार हजार संत! आपल्याकडे सात शतकांतही एवढे झाले नसतील. या संतांना बाहेर जायचं तर एकच बोट होती. ती केप टाऊनला पाच दिवसांनी पोचायची, आणि एकदा चुकली की पुढची तीन-एक आठवड्यांनी.

ब्रिटिश सरकारने या बेटावर विमानतळ बांधायचं ठरवलं आणि २०११ साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंपनीशी करार केला. बांधणं आणि पहिली दहा वर्षं चालवणं मिळून सुमारे २८ कोटी ५० लाख पाउंड.

"आणि माणसं साडेचार हजार!" मेहुणे म्हणाले. "म्हणजे माणशी ६३ हजार पाउंड. तेव्हाच्या भावाने ६० लाख रुपये, जावईबापू! त्यापेक्षा प्रत्येकाला ठाण्यात फ्लॅट घेऊन दिला असता."

"दादा, साठ लाखांत ठाण्यात फ्लॅट येत नाही आता," आमची ही आतून म्हणाली, आणि चर्चा ठाण्याकडे वळली. मी मात्र बेटावरच अडकून पडलो.

कारण विमानतळ बांधणं म्हणजे काय काय होतं, ते ऐकण्यासारखं आहे. बेटावर सपाट जागा जवळजवळ नाहीच. सगळा ज्वालामुखीचा खडक. उभे कडे आणि खोल घळी. त्यातल्या त्यात सपाट म्हणजे पूर्वेचं प्रॉस्परस बे पठार, समुद्रापासून सुमारे ३०० मीटर उंच. तेही धावपट्टीला पुरेना, म्हणून शेजारची एक अख्खी घळ भरून काढली. त्यात किती भर पडली म्हणता? सुमारे ८० लाख घनमीटर! यंत्रं आणायची तर मोठी बोट लागेल असा धक्का नाही. म्हणून खास बोट आणून ती २०१२ साली रूपर्ट्स बे नावाच्या उपसागरात लावली आणि तिथून पठारापर्यंत १४ किलोमीटरचा नवा रस्ता काढला. भरीला भर म्हणून त्या पठारावर 'वायरबर्ड' नावाचा टिटवीच्या गोतातला एक पक्षी राहतो. तो जगात दुसरीकडे कुठंही सापडत नाही. त्याचीही काळजी घ्यावी लागली.

एवढं सगळं झालं. २१ मे २०१६ हा उद्घाटनाचा मुहूर्त धरला. त्याआधी एप्रिलमध्ये चाचणीसाठी मोठं बोइंग विमान आलं, आणि उतरताना वाऱ्याने त्याला असं काही गदागदा हलवलं की मुहूर्तच पुढे ढकलला. कड्यावर आपटून वर उसळणारा वारा धावपट्टीच्या उत्तर टोकाला अचानक दिशा आणि वेग बदलतो. एवढ्या मोठ्या विमानाला तो झेपणारा नव्हता.

गंमत म्हणजे हा वारा काही नवा नव्हता. १८३६ साली चार्ल्स डार्विन या बेटावर काही दिवस राहिला होता. तिथल्या एका पठाराच्या कड्यावर तो उभा होता. त्याच्याजवळ पान हलत नव्हतं, आणि चार पावलांवर समुद्रपक्षी सोसाट्याच्या वाऱ्याशी झगडत होते. त्याने कड्याच्या कडेशी जाऊन हात बाहेर काढला, तर वाऱ्याचा पुरा जोर हाताला लागला. ही हकीगत त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली आहे. पुढे १८० वर्षांनी तोच प्रयोग हाताऐवजी विमानाने झाला. डार्विनचा हात स्वस्तात पडला होता.

मग काय, वर्तमानपत्रांनी 'जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ' असं बारसं करून टाकलं. डिसेंबर २०१६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या लोकलेखा समितीने सरकारला फैलावर घेतलं. वारा आधी नीट का तपासला नाही, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. पैसा जनतेचा होता. गलथानपणाला माफी नाही. पण त्या गदारोळात दुसराच एक प्रश्न हळूच आत शिरला : एवढ्याशा लोकांसाठी एवढा खर्च करायचाच कशाला? इथं मला आमचे मेहुणे दिसू लागतात. वारा न तपासणं ही चूक. पण माणसं थोडी असणं, ही कोणाची चूक?

माणशी हिशोबात थोडे लोक कायमचे हरतात. मुक्कामी एसटीचं उदाहरण घ्या. रात्री शेवटच्या वाडीवर पोचते तेव्हा गाडीत तिघं असतात, त्यातला एक कंडक्टर. गाडी बंद करा म्हणणाऱ्याचं गणित बिनचूक असतं. फक्त तो स्वतः त्या वाडीत राहत नसतो.

आणि हिशोबात माणूस कोणाला धरायचं, तेही हिशोब करणाराच ठरवतो. १६७३ साली इंग्लंडच्या राजाने सनद दिली होती की या बेटावरची माणसं इंग्लंडात जन्मल्यासारखीच मानावीत. १९८१ च्या कायद्याने त्यांचं पूर्ण नागरिकत्व गेलं. २००२ साली ते परत मिळालं. त्याच वर्षी बेटाचा कौल घेतला तेव्हा बहुमत विमानतळाच्या बाजूने पडलं. मधल्या वीसेक वर्षांत ती माणसं तीच होती, बेट तेच होतं.

या बेटावरचा पहिला कायमचा रहिवासी आपल्या गोव्याहून गेला होता, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. फर्नांव लोपिश नावाचा हा पोर्तुगीज शिपाई गोव्यात आदिलशाही फौजेला जाऊन मिळाला. १५१२ साली बाणस्तारीचा किल्ला पडल्यावर आल्बुकेर्कने त्याचं नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापवला. पुढे मायदेशी परतताना तो या निर्मनुष्य बेटावर उतरला आणि लपून बसला. सोबतीला एक कोंबडा. बोटी आल्या की हा दडून राही. खलाशी खाणं ठेवून निघून जात. मध्ये एकदा त्याला पोर्तुगालला नेलं, रोमला जाऊन पोपचं दर्शनही झालं. त्याने मागितलं काय? परत बेटावर सोडा! तीन शतकांनी नेपोलियन आला, त्याला तिथून सुटायचं होतं आणि जाता येईना. एकाला जायचं नव्हतं, दुसऱ्याला जाता येत नव्हतं. समुद्र दोघांनाही तेवढाच लांब होता. फरक होता तो एवढाच, की एकाने तो समुद्र स्वतः निवडला होता.

आणि ज्यांना यातलं काहीच निवडता आलं नाही, ते सापडले विमानतळाच्या रस्त्यात. १८४० नंतर ब्रिटिश आरमार गुलामांची जहाजं अटलांटिकमध्ये पकडून या बेटावर आणत असे. पंचवीस हजारांहून अधिक आफ्रिकन माणसं अशी इथं उतरली, आणि त्यांतली सुमारे आठ हजार रूपर्ट्सच्या खोऱ्यातच मातीआड गेली. विमानतळाचा रस्ता त्याच खोऱ्यातून जायचा होता. २००८ साली तिथं उत्खनन केलं तेव्हा ३२५ जणांचे सांगाडे निघाले. त्यांत मुलं पुष्कळ होती. हे सांगाडे २०२२ साली पुन्हा दफन केले. त्या जहाजांच्या मालकांचा हिशोबही माणशीच असे, आणि तो चोख असे.

हे मी मेहुण्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पण विमान सुरू झालं का शेवटी?"

झालं. १४ ऑक्टोबर २०१७ ला, जोहान्सबर्गहून, आठवड्याला एक. मोठ्या बोइंगऐवजी लहान एम्ब्रेअर विमान, आणि त्यातही वाऱ्यामुळे वजन कमी ठेवायचं म्हणून शंभराच्या आसपास आसनं असताना ७६ प्रवासी. जवळपास दुसरा विमानतळ नाही, म्हणून उतरता आलं नाही तर माघारी फिरण्याइतकं इंधन पोटात. बोटीची शेवटची फेरी फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली. तिला निरोप द्यायला लोक जमले आणि हळहळले. पाच दिवस एकत्र प्रवास केला की कोणाचा मुलगा फॉकलंडला लागला, कोणाची सून इंग्लंडात आहे, हे सगळं कळायचं. विमानात शेजाऱ्याचं नावसुद्धा विचारून होत नाही, असं बोटीवर जीव असणारे म्हणतात. नोकरीसाठी बाहेर गेलेल्यांच्या मुलांना आजीआजोबांनीच वाढवायचं, ही तिथली जुनी रीत. पूर्वी आईचं कळवलेलं दुखणं बोटीच्या आधी संपायचं. आता आजाऱ्याला न्यायला विमान येऊ शकतं, आणि मुलगाही आठवड्याभरात पोचू शकतो.

"वारा बरा असला तर," मेहुणे म्हणाले, आणि पोह्यांची बशी पुढे सरकवली.