पानगळीचे छायाचित्र आणि चौकटीबाहेरचे देणे

१

मराठी समीक्षेत निसर्गाचा विचार झाला तो बहुतांशी कवितेच्या अनुषंगाने. छायाचित्रातील निसर्ग हा छंदाचा विषय मानला गेला आणि त्याच्याशी निगडित असलेले नैतिक प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या उंबरठ्याबाहेरच राहिले. वस्तुतः आजच्या सुशिक्षित मराठी माणसाची निसर्गदृष्टी कवितेइतकीच, किंबहुना कवितेहून अधिक, छायाचित्राने घडवलेली आहे. डोंगराची रांग, उतारावरचा तांबडा-पिवळा पर्णसंभार, पायथ्याशी निश्चल पाणी आणि कोठेही माणूस नाही, ही प्रतिमा भिंतीवरच्या दिनदर्शिकेने पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या डोळ्यांत रुजवली आहे. अशी प्रतिमा घेणे ही कृती नैतिक दृष्ट्या निरपेक्ष आहे काय? विदर्भातील, विशेषतः नागपूरच्या उत्तरेस व पश्चिमेस पसरलेल्या सातपुड्यातील पानगळीच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभीच एक भाषिक घोटाळा दूर करणे इष्ट ठरेल. इंग्रजी 'ऑटम'साठी मराठीत 'शरद' हा प्रतिशब्द सर्रास वापरला जातो. परंतु आपल्या ऋतुचक्रातील शरद हा आश्विन-कार्तिकाचा ऋतू आहे. पावसाने धुतलेले आकाश, निवळलेले पाणी आणि चांदणे ही त्याची लक्षणे. पानगळ ही शिशिराची, म्हणजे माघ-फाल्गुनाची. मर्ढेकरांच्या पहिल्या संग्रहाचे नाव 'शिशिरागम' (१९३९) आहे, ना. धों. महानोरांच्या ज्या संग्रहाला २००० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याचे नाव 'पानझड' आहे. मराठी कवितेला स्वतःची पानगळ होती आणि आहे, हे ही शीर्षकेच सांगतात. छायाचित्राला मात्र ती अद्याप सापडलेली दिसत नाही. त्याने पानगळ उसनी घेतली, ती समशीतोष्ण प्रदेशांकडून किंवा फार तर काश्मीरच्या चिनारांकडून.

या उसनवारीचे परिणाम केवळ शब्दापुरते राहत नाहीत. समशीतोष्ण प्रदेशात दिवस लहान होतात, थंडी वाढते, पानातले हरितद्रव्य विघटित होते आणि त्याखाली दडलेला पिवळा रंग वर येतो. काही वृक्षांत त्याच वेळी तांबडे द्रव्यही तयार होते. तेथील तांबडेपणा हा पानाच्या अखेरीचा रंग आहे. सातपुड्यातील पानगळीचे मुख्य कारण पाण्याचे दुर्भिक्ष हे होय. साग आपली पाने करड्या-तपकिरी रंगात टाकून देतो. धावडा गळण्यापूर्वी थोडा काळ तांबूस होतो. परंतु फाल्गुनाच्या सुमारास या डोंगरांवर जो भडक तांबडा रंग दिसतो तो बहुधा गळत्या पानांचा नसतो. तो एक तर निष्पर्ण पळसाच्या फुलांचा असतो, किंवा कुसुंबाच्या पालवीचा. कुसुंबाचे कोवळे पान तांबडे जन्मते आणि पुढे हिरवे होते. म्हणजे तेथे जो रंग अंताचा, तोच येथे आरंभाचा आहे.

आता असे समजू की दिनदर्शिकांवर डोळा घडलेल्या एखाद्या छायाचित्रकाराने मेळघाटातील कुसुंबाचे चित्र घेतले. पाहणारा ते 'पानगळीचे रंग' म्हणून पाहील आणि त्यात अस्ताची, निरोपाची खिन्नता अनुभवील. चित्रात एकही कण खोटा नाही. तरीही त्या अनुभवाचा आशय उलटा झालेला आहे.

२

छायाचित्राच्या नीतीची चर्चा निघाली की ती प्रायः रंगांच्या फेरफाराकडे वळते. ध्रुवण-गाळणीने आकाश गडद करणे, १९९० साली बाजारात आलेल्या 'वेल्व्हिया' फिल्मसारख्या माध्यमाने रंग गाढ करणे, संगणकावर तांबड्याला अधिक तांबडे करणे, हे कितपत क्षम्य, असा तो वाद असतो. हा वाद निरर्थक नाही, पण दुय्यम आहे. प्रकाशाचे चित्रात रूपांतर करताना निवड अपरिहार्य असते. कृष्णधवल छायाचित्र तर रंग संपूर्णतः वगळते आणि त्याला कोणी असत्य म्हणत नाही. कुसुंबाच्या उदाहरणात तर कोणताही फेरफार न करता दिशाभूल घडते. तेव्हा छायाचित्राचे सत्यासत्य त्याच्या पृष्ठभागावर शोधणे पुरेसे नाही. चित्र पाहून पाहणाऱ्याच्या मनात जे विधान तयार होते, त्या विधानापाशी ते शोधले पाहिजे.

येथे मर्ढेकरी सौंदर्यविचाराकडून एक गंभीर आक्षेप येतो. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी घटकांची संघटना झाली की कलाकृती पूर्ण होते. तांबडा रंग पालवीचा की पानगळीचा हा वनस्पतिशास्त्राचा प्रश्न आहे, सौंदर्याचा नव्हे, असे या भूमिकेवरून म्हणता येईल. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा ज्या दोन ध्रुवांची मांडणी केली, त्यांतील दुसऱ्या ध्रुवाचे बळ नेमके येथे जाणवते. प्रत्येक चित्राने आपल्या भोवतालचा सगळा हिशेब दिलाच पाहिजे असा आग्रह धरला, तर कला म्हणून काही शिल्लकच राहणार नाही. चौकट म्हणजेच वगळणे. चौकटीवाचून चित्र नाही.

तथापि छायाचित्राची एक अडचण आहे, जी शुद्ध आकृतिबंधाला नाही. ते 'हे असे होते' असा दावा मुकाट्याने करीत असते आणि त्याचा निम्मा प्रभाव या दाव्यावर उभा असतो. हाच देखावा कोणी कल्पनेने रंगवला आहे असे कळले, तर पाहणारा त्याच्याकडे निराळ्या रीतीने पाहतो. जगाच्या साक्षीचे बळ घ्यायचे, पण जगाविषयी विचारले की स्वायत्ततेचा आश्रय घ्यायचा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येत नाहीत.

३

हा पेच स्पष्ट करणारे उदाहरण पर्वतछायाचित्रणाच्या परंपरेतच सापडते. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स १९४३-४४ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या मॅन्झानार येथे जात असे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना जेथे डांबून ठेवले होते, त्या छावण्यांपैकी ही एक. तेथील माणसांची त्याने छायाचित्रे घेतली आणि १९४४ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. याच वाऱ्यांच्या काळात जवळच्या लोन पाइन गावाहून त्याने पहाटेच्या सिएराचे विख्यात चित्र घेतले: वर उजळलेली हिमशिखरे, मध्ये काळी टेकडी, खाली उन्हाच्या पट्ट्यात चरणारा एक घोडा. त्या काळ्या टेकडीवर गावातल्या शाळकरी मुलांनी पांढऱ्या रंगात गावाची आद्याक्षरे रंगवलेली होती. ॲडम्सने ती चित्रातून पुसून टाकली, आणि ही गोष्ट पुढे स्वतःच सांगितली.

आद्याक्षरे काढल्याने चित्राची लय निःसंशय सुधारली. परंतु त्या अक्षरांबरोबर 'येथे गाव आहे, शाळा आहे' ही साक्षही गेली. अस्पर्श पर्वताचा जो भाव हे चित्र निर्माण करते, तो एका मानवी खुणेच्या अभावावर उभा आहे. यावरून ॲडम्सला दोषी ठरवणे सोपे, पण अन्यायाचे होईल, कारण छावणीतल्या माणसांचे चेहरे जगापुढे ठेवणारा छायाचित्रकार तोच आहे, आणि अक्षरे पुसल्याची गोष्ट त्याने लपवलेली नाही. या उदाहरणातून एक भेद मात्र हाती लागतो. 'वगळणे' वेगळे आणि 'नाकारणे' वेगळे. वगळण्यात चौकटीबाहेर काही आहे हे गृहीत असते. नाकारण्यात चौकटीबाहेर काही नव्हतेच असा दावा असतो. पहिली कलेची अट आहे. नैतिक दोष दुसऱ्यात आहे.

४

हा भेद घेऊन मेळघाटाकडे परतता येईल. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाचा समावेश होता. पुढील काळात गाभाक्षेत्रातील काही कोरकू गावे बाहेर हलवण्यात आली; कोहा, कुंड आणि बोरी ही त्यांपैकी सुरुवातीची नावे. जेथे शेते होती तेथे आज गवताची कुरणे आहेत. मागे सातपुड्याची धार, मध्ये सोनेरी गवत, कडेला निष्पर्ण साग, असे चित्र तेथे अनायास मिळते. पाहणारा त्याला 'आदिम' म्हणतो. त्याचे मोकळेपण मात्र नांगराने निर्माण केलेले आहे.

दूरच्या डोंगररांगांना एकामागे एक सौम्य करीत नेणारी निळसर धूसरताही अशीच. छायाचित्रकाराला ती प्रिय असते, कारण तिच्यामुळे चित्राला खोली येते. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्यात पुष्कळदा धूर मिसळलेला असतो. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. कधी ती आग हाताबाहेर जाते आणि वणवा लागतो. ज्या पाचोळ्याला चित्रात रंग म्हणून स्थान आहे, तोच वनरक्षकाच्या लेखी इंधन आहे आणि मोह वेचणारीच्या लेखी अडथळा.

मग उपाय काय? चौकटीत कोरकू स्त्री उभी करावी? हा उपाय सर्वांत लवकर सुचतो आणि सर्वांत लवकर फसतो. डोंगराचे प्रमाण कळावे किंवा रंगसंगतीत एक ठिपका असावा म्हणून आणलेली व्यक्ती माणूस म्हणून चित्रात येतच नाही. तिचा समावेश हाही नाकारण्याचाच एक प्रकार ठरतो. १९९० नंतरच्या दशकात मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांसोबत जी छायाचित्रे छापली गेली, त्यांच्या चौकटीतून डोंगर जवळजवळ वगळलेला होता. एकाच प्रदेशाची दोन चित्रे तयार झाली, एक माणसांवाचून रम्य आणि दुसरे निसर्गावाचून दीन. दोन्ही एकाच मुलखाची आहेत हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येऊ नये, इतकी ती परस्परांना परकी राहिली.

५

पाहण्याची निराळी रीत आपल्या परंपरेत, आणि तीही नागपूरच्या परिसरात, उपलब्ध आहे. वा. वि. मिराशींनी 'मेघदूता'तील रामगिरी म्हणजेच रामटेक असे प्रतिपादन केले. तेथून निघालेला मेघ उंचावरून भूमी पाहत जातो; त्याची दृष्टी अक्षरशः विहंगम आहे. पण त्या भूमीत नांगरलेली शेते आहेत, पिकाची भिस्त मेघावर आहे म्हणून त्याच्याकडे स्नेहाने पाहणाऱ्या गावच्या स्त्रिया आहेत, आम्रकूटाच्या कुंजांत वनचरांच्या स्त्रिया आहेत. आणि त्या पर्वताचा वणवा मेघाने आधी विझवलेला आहे. पर्वत त्याला माथ्यावर धरतो तो या उपकाराच्या जाणिवेने. मेघ पाहतो तसाच पाहिलाही जातो, आणि पाहण्याआधी तो काही देतो. कालिदासाच्या वर्णनाची लय या देवघेवीमुळे उणावत नाही. उलट तिच्यामुळेच ते वर्णन देखाव्यापुरते राहत नाही.

'देणे' या मराठी शब्दात दान आणि ऋण हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. वनाधिकारी म्हणून विदर्भाच्या अरण्यांत आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्लींनी आपल्या एका पुस्तकाला 'जंगलाचं देणं' हे नाव दिले. त्या नावात जंगलाने दिलेले आणि जंगलाला देणे लागणारे, दोन्ही ऐकू येते. छायाचित्रालाही हा दुहेरी अर्थ लागू पडतो. घेतलेले चित्र हे दान आहे. त्याची फेड चित्राच्या आत करणे नेहमी शक्य नसते आणि कलेच्या दृष्टीने आवश्यकही नसते. मर्ढेकरी विचार कलाकृतीपुरता खरा ठरतो तो येथेच. परंतु छायाचित्र घेणे, त्याला नाव देणे, ते लोकांपुढे ठेवणे ही कृती आहे, आणि कृतीला स्वायत्ततेचे कवच नसते. 'पानगळीचे रंग' असे लिहिणे आणि 'कुसुंबाची पालवी, फाल्गुन' असे लिहिणे यांत फरक आहे. 'आदिम कुरण' असे लिहिणे आणि गेलेल्या गावाचे नाव लिहिणे यांत तो अधिकच आहे.

यावरून एक कसोटी सुचवता येईल. चौकटीबाहेरचे कळल्यावर जे सौंदर्य टिकते, ते वगळण्यातून आलेले असते. न कळण्यावरच जे तगून असते, ते नाकारण्यातून. कुसुंबाचे चित्र या कसोटीला सहज उतरते, कारण तांबडे पान जन्मत आहे हे कळल्याने त्यातली खिन्नता गेली तरी विस्मय वाढतो. कोहा किंवा बोरीच्या कुरणाचे चित्र इतके सहज उतरत नाही. गावाचे नाव कळल्यावरही गवत सोनेरीच राहते आणि धार निळीच, पण ते पाहणे पूर्वीसारखे निश्चिंत राहत नाही. ही अस्वस्थता चित्राचे वैगुण्य मानायची की त्याच्या आशयाचा भाग मानायचा, हा सौंदर्यमीमांसेपुढचा खरा प्रश्न आहे, आणि तो सोडवण्यासाठी निसर्गचित्राला छंदाच्या कोपऱ्यातून बाहेर काढून कवितेच्या बरोबरीने वाचावे लागेल.