गारीगारची माफी

ती जाहिरात मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मोबाइलचा आवाज बंद होता. एका कारखान्यासमोर माणसं रांगा करून उभी होती. पुढे सूट घातलेले साहेबलोक, मागे कामगार. सगळ्यांचे चेहरे सुतकी. बराच वेळ कोणी काहीच करत नाही आणि मग सगळे कमरेतून वाकतात. संपली जाहिरात.

‘विचित्र जपानी जाहिराती’ छापाच्या एका संकलनात हा तुकडा होता. मी तो मित्रांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘ही माणसं वेगळ्याच ग्रहावरची आहेत.’ हसऱ्या इमोजींची रांग लागली. माझं काम झालं.

ती जाहिरात कशाची होती हे बऱ्याच दिवसांनी कळलं आणि तेव्हापासून एक प्रश्न पाठ सोडत नाहीये. जाहिरातीला आपण हसतो तेव्हा नक्की काय करतो? फसतो, की कोणालातरी हिणवतो, की तिसरंच काही?

गोष्ट अशी. जपानमध्ये ‘गारीगारी-कुन’ नावाची आइसकँडी मिळते. नाव वाचून आपल्याला गंमत वाटणारच, कारण आपल्याकडेही गावागावांत आइसकँडीला गारीगार म्हणतात. हा निव्वळ योगायोग. तिकडे ‘गारीगारी’ हा दातांनी बर्फ फोडल्याचा आवाज आहे. आकागी न्यूग्यो ही कंपनी ती १९८१ पासून विकते. १९९१ पासून तिची किंमत ६० येन होती आणि पुढची २५ वर्षं ती तशीच राहिली. एप्रिल २०१६मध्ये ती ७० येन झाली. ते वाकणं या दहा येनसाठी होतं.

हे कळल्यावर मी दुसऱ्यांदा हसलो, पण हे हसू वेगळं होतं. जपानमध्ये एखाद्या कंपनीचा घोटाळा उघडकीला आला की तिचे वरिष्ठ अधिकारी पत्रकार परिषद घेतात, रांगेत उभे राहतात आणि कॅमेऱ्यांच्या लखलखाटात खोल वाकून माफी मागतात. जपानी प्रेक्षकाने हे दृश्य बातम्यांत कितीदा तरी पाहिलेलं असतं. हिशेबातली लबाडी, सदोष माल, अशा गंभीर गुन्ह्यांसाठी राखलेला हा सगळा विधी इथे एका आइसकँडीच्या भावासाठी पार पाडला जातो. शिवाय मागे गाणं वाजतं ते ताकादा वातारू या लोकगायकाचं. भाववाढ करणार नाही असं ठामपणे म्हणणारा माणूस पायरी-पायरीने घसरत शेवटी भाववाढीवर कसा येतो, हेच त्या जुन्या गाण्यात आहे. म्हणजे कंपनीने स्वतःचीच टिंगल करणारं गाणं शोधून आणलं होतं. आवाज बंद करून पाहणाऱ्या मला यातलं काहीही पोचलं नव्हतं.

जपानी जाहिराती लक्षात राहतात त्यामागे एक साधं व्यावहारिक कारणही आहे. तिथल्या टीव्हीवरच्या बहुतेक जाहिराती १५ सेकंदांच्या असतात. तेवढ्यात वस्तूचे गुण काय सांगणार? मग काहीतरी असं दाखवायचं, की पाहणारा क्षणभर अडखळला पाहिजे. सॉफ्टबँक या मोबाइल कंपनीने २००७ पासून एका कुटुंबाच्या जाहिराती केल्या. त्या घरातले वडील म्हणजे पांढरा कुत्रा. तो भारदस्त आवाजात बोलतो, मुलांना रागावतो आणि घरात कोणालाच त्याचं नवल वाटत नाही. बॉस या डबाबंद कॉफीच्या जाहिरातींत २००६ पासून हॉलिवूडचा नट टॉमी ली जोन्स परग्रहवासी बनून येतो. माणसांची पाहणी करण्यासाठी तो कधी मजुरी करतो, कधी गाडी चालवतो. सगळा वेळ चेहरा मख्ख. ही दुनिया फालतू आहे, तरी झकास आहे, हा त्याचा निष्कर्ष. दोन्हीकडे पडद्यावरचं कोणी हसत नाही, कोणी खुलासा करत नाही. खुलासा आपल्यालाच शोधावा लागतो आणि शोधता शोधता जाहिरात डोक्यात घर करते.

पण लक्षात राहणं आणि चांगलं असणं यांत फरक आहे. १९७५ साली हाउस फूड्स कंपनीची झटपट नूडल्सची एक हलकीफुलकी जाहिरात आली. तिच्यात बाई आणि मुलगी म्हणतात, आम्ही बनवणाऱ्या. मुलगा म्हणतो, मी खाणारा. हे वाक्य खूप गाजलं. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. महिलांच्या एका संघटनेने आक्षेप घेतला आणि काही महिन्यांतच ती जाहिरात थांबली. एवढ्याशा गमतीवर काय चिडायचं, असं तेव्हाही म्हटलं गेलंच. गंमत छोटी होती हे खरं. पण ती रोज कोणाच्या घरात, कोणाच्या डोक्यावर वाजत होती?

म्हणून मी स्वतःपुरती एक परीक्षा ठरवली आहे. जाहिरातीतून विनोद काढून घ्यायचा आणि खाली काय उरतं ते पाहायचं. नूडल्सच्या जाहिरातीतून विनोद काढला तर हुकूम उरतो. स्वयंपाक कोणी करायचा, याचा. कुत्र्याच्या जाहिरातीतून काढला तर फारसं काहीच उरत नाही. तिथे विनोद ही गोड लाच आहे, आपण ती आनंदाने घेतो. गारीगारी-कुनच्या जाहिरातीतून विनोद काढला तर भाव उरतो. साठाचे सत्तर झाले, ही गिऱ्हाइकाला हवी असलेली माहिती. पाकीट तेवढंच ठेवून आतला माल गुपचूप कमी करण्याच्या युक्तीला जपानीत ‘चोरटी भाववाढ’ अशा अर्थाचा शब्द आहे. या कंपनीने निदान ते केलं नाही. जे सहसा लपवतात, तेच तिने टीव्हीवर सांगितलं.

यावर कोणी म्हणेल, अरे, नम्रता हीसुद्धा युक्तीच की. कबूल. माफीचे पैसे मोजून वेळ विकत घेतली होती. न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत बातमी गेली. एवढी प्रसिद्धी दहा येनमध्ये कोणाला मिळते? पण हेतू शंभर टक्के शुद्ध असल्याशिवाय कृती चांगली म्हणायचीच नाही असं ठरवलं, तर आपल्या घरातल्या निम्म्या माफ्याही बाद होतील. भांडण मिटावं म्हणून मागितलेली माफी खोटी असते का? माफी मागताना आपण खरं सांगितलं का, एवढं तरी तपासता येतं. मनातलं कोण तपासणार?

माझं घोडं अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. मागच्या रांगेतल्या कामगारांनी भाव ठरवला नव्हता. साहेबाने स्वतःची खिल्ली उडवणं वेगळं आणि नोकरी असलेल्या माणसाने त्या खिल्लीत सामील होणं वेगळं. कदाचित त्यांना मजा आली असेल, अभिमानही वाटला असेल. कदाचित त्यांना कोणी विचारलंच नसेल. जाहिरात पाहून हे कळायला मार्ग नाही. तिसऱ्यांदा पाहताना माझी नजर त्याच रांगेवर गेली आणि हसू आलं नाही.

फ्रेंच तत्त्ववेत्ते आन्री बर्गसाँ यांनी हसण्यावर १९००मध्ये पुस्तक लिहिलं. हसताना आपण भावना थोडा वेळ बाजूला ठेवतो, असा त्यांचा मुद्दा आहे. मला तो माझ्या पहिल्या हसण्याला चपखल लागू होताना दिसतो. मी फक्त आवाज बंद केला नव्हता. ती माणसं आहेत हेही बंद केलं होतं. कंपनीने स्वतःवर केलेला विनोद मी उचलला आणि एका अख्ख्या देशावर उलटवला. आपले व्हिडिओ ‘हे फक्त भारतातच होऊ शकतं’ म्हणून जगभर फिरतात तेव्हा मला राग येतो. तो राग त्या दिवशी कुठे होता?

परवा ग्रुपमधली ती जुनी पोस्ट शोधून काढली आणि खाली लिहिलं, ‘आइसकँडीचा भाव २५ वर्षांनी दहा येनने वाढवला, म्हणून माफी मागतायत.’

थोड्या वेळाने एकाने विचारलं, ‘दहा येन म्हणजे किती?’

‘तेव्हाचे सहाएक रुपये.’

या वेळी इमोजी आला नाही. ‘आवाज लावून परत बघतो,’ एवढंच त्याने लिहिलं.