सटवाई येण्याआधी

बाळाच्या जन्मानंतर पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, अशी महाराष्ट्रात समजूत आहे. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवतात. काही बाळांचं पोट मात्र तिची वाट पाहत नाही. पुऱ्या दिवसांचं बाळ बहुधा 24 तासांत पहिली काळी, चिकट शी करतं. 48 तास उलटले तरी ती झाली नाही, पोट तट्ट फुगलं, उलटी हिरवी झाली, तर हिर्शस्प्रुंग आजाराची शंका घ्यावी लागते. साधारण 5000 जन्मांमागे एका बाळाला तो असतो; मुलग्यांत मुलींच्या सुमारे चौपट.

घरात मात्र वेगळीच चौकशी सुरू होते. आईने ग्रहणात सुरी हातात धरली होती का? पपई खाल्ली होती का? काहीच सापडलं नाही तर पूर्वजन्म आहेच.

ही चौकशी अडाणीपणाची म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिच्यामागे जुनं कोडं आहे. दोन दिवसांच्या जिवाने असं काय केलं, की त्याच्या वाट्याला हे यावं? ब्रह्मसूत्रांनी उत्तर दिलं: जगातली विषमता देवाच्या लहरीतून येत नाही, जिवांच्या कर्मातून येते. देव निर्दोष सुटला खरा, पण पाळण्यातलं बाळ आरोपी झालं.

हे सगळ्यांना पटलं होतं असं नाही. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, माणूस जे जे भोगतो ते सगळं मागच्या कर्माचंच फळ का? बुद्ध पित्त, कफ, वात, ऋतू अशी आठ कारणं मोजतो. कर्म त्यांतलं फक्त एक. सुश्रुतानेही बीजदोषाचे आणि गर्भावस्थेतले आजार वेगळे काढले. पण गर्भावस्थेतल्या व्यंगांचं खापर त्याने आईच्या वागण्यावर आणि न पुरवलेल्या डोहाळ्यांवरही फोडलं. पूर्वजन्म बाजूला पडला तरी आईची सुटका झाली नाही ती नाहीच.

प्रत्यक्षात घडतं ते असं. गर्भ पाचेक आठवड्यांचा असताना आतड्याच्या चेतापेशींचे पूर्वज वरून खाली निघतात आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास गुदापर्यंत पोचतात. या आजारात ही वारी वाटेतच थांबते. जिथे पेशी पोचल्या नाहीत तो शेवटचा तुकडा सैल पडत नाही, म्हणून मळ पुढे सरकत नाही. काही कुटुंबांत रेट नावाच्या जनुकातला बदल यामागे असतो, हे 1994 मध्ये कळलं. पपईशी या आजाराचा संबंध असल्याचा पुरावा नाही.

कोपनहेगनच्या हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये बर्लिनला दोन अर्भकांची हकिगत मांडली, तेव्हा त्यांचंही लक्ष गेलं ते प्रचंड फुगलेल्या मोठ्या आतड्याकडे. पुढची साठेक वर्षं बहुतेकांची नजर तिथेच खिळली. 1948 मध्ये बोस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन यांनी खालचा, साधासुधा दिसणारा अरुंद भाग काढून निरोगी आतडं खाली जोडलं आणि मुलं बरी होऊ लागली. फुगलेल्या भागाचा गुन्हा इतकाच, की तो अडथळ्यावर जोर लावून थकला होता. आरोपी शोधणारी नजर ठळक दिसणाऱ्यावर थांबते. घरातली आई अशीच सापडते.

त्यात आजी विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून बाळाच्या गुदद्वाराला लावते. वारा आणि शी जोरात सुटतात, पोट उतरतं, सगळे निश्चिंत होतात. या आजारात तो तात्पुरता आरामच फसवा, कारण निदान लांबतं आणि आतड्याला सूज येऊन ताप, दुर्गंधी जुलाब, ग्लानी सुरू झाली तर जिवावर बेततं. अंगावर पिणारं महिन्या-दोन महिन्यांचं बाळ हसतखेळत चार दिवस शी करत नसेल, तर ती गोष्ट निराळी. अशा बाळाला उगाच सुया टोचायला नकोत. शंका असेल तिथे गुदाशयातला कणभर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात: पेशी आहेत की नाहीत.

हिर्शस्प्रुंग यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. डेन्मार्कच्या राणी लुईसच्या नावाच्या त्यांच्या बालरुग्णालयात प्रत्येक खाटेवर बायबलमधली वचनं लावावीत, अशी राणीची इच्छा होती. त्यांनी प्राण्यांची चित्रं लावायचा हट्ट धरला. राणी रुसली. आजारी पोरांच्या डोक्यावर चित्रंच लागली.