मुक्या जिवाचा नकार

मुक्या प्राण्याला नकाराचा अधिकार आहे काय? ६ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये हा प्रश्न जगापुढे उभा राहिला. आधुनिक पंचक्रीडेत स्वाराच्या वाट्याला चिठ्ठीने परका घोडा येई. ओळखीस अवघी वीस मिनिटे मिळत. 'सेंट बॉय' नावाचा घोडा अडला. स्वार स्त्री रडत रडत चाबूक चालवू लागली आणि तिच्या प्रशिक्षिकेने घोड्यास ठोसा लगावला. प्रशिक्षिकेची हकालपट्टी झाली. २०२४ च्या पॅरिस सामन्यांनंतर या क्रीडेतून अश्वारोहणच वगळण्यात आले.

आम्हांस वाटते, घोड्याशी नाते तबेल्यात जडते. नित्य खरारा करावा, खूर साफ करावेत, वैरण थोडी थोडी दिवसभर घालावी. घोड्याचे जठर लहान असते व त्यास ओकारी होत नाही. म्हणून एकदम घातलेली फाजील चंदी पोटशूळ होऊन त्याच्या जिवावर बेतते. हे सारे जो स्वहस्ते करतो, त्यास घोड्याचे भय त्याच्या कानांवरून कळते. ज्याने सेवा केली नाही, त्यास आज्ञेचा अधिकार कोठला?

परंतु पारितोषिकावर दृष्टी ठेवून केलेली सेवा ही तरी सेवा काय? तिची कसोटी घोडा अडेल त्या दिवशी लागते. त्या दिवशी विजय सोडून आपण खाली उतरू काय, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.