परंपरेची अट

मार्च १८८१ मध्ये ब्रिटिशांनी म्हैसूरचा कारभार वडेयर घराण्याच्या स्वाधीन केला. त्याच वर्षी त्या शहरात मुलींची एक शाळा सुरू झाली. अंबिल नरसिंह अय्यंगार यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या या शाळेस राजवाड्याचा आश्रय होता; महाराणींच्या नावाने ती ओळखली गेली आणि यथावकाश सरकारने ती आपल्याकडे घेतली. संस्कृत, संगीत व धर्म यांना तिच्या अभ्यासक्रमात मानाचे स्थान होते. प्रवेश मात्र केवळ उच्चवर्णीय हिंदू मुलींनाच होता.

या कडक सनातनी चौकटीमागे एक हिशेब होता. आठ वर्षांखालील मुलीचे लग्न करू नये, एवढे सांगण्यासाठीही म्हैसूर संस्थानाला १८९४ मध्ये कायदा करावा लागला. त्या समाजात मुलीला शाळेत धाडणे म्हणजे संसाराला अपशकुन करणे होते. शाळा परंपरेच्या विरोधात नाही, हे पालकांना दिसले पाहिजे होते. गंमत अशी की, ज्या शास्त्रपरंपरेने स्त्रीला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला, तिच्याच नावाने मुलींना संस्कृत शिकवले जाऊ लागले. परंपरा जपण्याची ग्वाही देतच ती मोडली जात होती, असे म्हणणे भाग आहे. १८९० च्या दशकात रवींद्रनाथांची भाची सरलादेवी घोषाल या शाळेत शिकवण्यासाठी कलकत्त्याहून आली, ती स्वतंत्रपणे जगून पाहण्याच्या ओढीने. पदवी घेतलेली, अविवाहित, घरापासून दूर राहणारी ही तरुणी विद्यार्थिनींसमोर रोज उभी राहत होती. हा धडा कोणत्याही अभ्यासक्रमात नेमलेला नव्हता.

पुण्यात हुजूरपागेची शाळा १८८४ मध्ये निघाली, तेव्हा तिच्या वेळापत्रकावर आणि इंग्रजी अभ्यासक्रमावर टिळकांनी कडाडून टीका केली. म्हैसुरात ज्या परंपरेचा हवाला देऊन मुलींना शाळेत आणले गेले, तिचाच हवाला पुण्यात त्यांचे शिक्षण आखडते घेण्यासाठी दिला जात होता. तेव्हा परंपरेचा अभ्यासक्रम मुक्त करतो की बांधून ठेवतो, हा प्रश्न एका वाक्यात सुटणारा नाही. तो कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी, यावर बरेच अवलंबून असते. येथवर म्हैसूरच्या चालकांची बाजू भक्कम वाटते.

परंतु त्या तडजोडीत आणखी एक पक्ष होता, आणि तो शाळेच्या दाराबाहेर उभा होता. 'काळ अनुकूल नव्हता', हे समर्थन अशा वेळी नेहमी पुढे केले जाते. तसे असते, तर १८५५ सालचा एक निबंध समजावून घेणे कठीण होईल. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला तो निबंध 'ज्ञानोदय'ने छापला होता. म्हैसूरची शाळा सुरू होण्यापूर्वी सव्वीस वर्षे! काळ तेव्हाही अनुकूल नव्हताच. फुल्यांना घर सोडावे लागले होते. त्यांच्या शाळांना राजाश्रय नव्हता, आणि त्या फार काळ तगल्या नाहीत. म्हैसूरची शाळा मात्र वाढत जाऊन तिचे महाविद्यालय झाले. टिकणे हाही एक गुण आहे, आणि त्याची थट्टा करणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

तरीही तडजोडीचे मोल कोणी दिले, हे विचारल्यावाचून तिचा निवाडा करता येत नाही. आत आलेल्या मुलीने काही दिले: लग्न ठरले की शाळा सुटत असे. पण तिला अक्षर मिळाले. बाहेर राहिलेल्या मुलीला काहीच मिळाले नाही. आणि शाळेला आधार होता तो राज्याच्या तिजोरीचा, जीत तिच्या आईबापांच्या श्रमाचाही अंश होता. खाजगी पाठशाळेला आपले दार निवडून उघडण्याची मुभा कदाचित देता येईल. सार्वजनिक शाळेला ती कोणत्या न्यायाने द्यायची?

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात म्हैसूर सरकारने अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळा खुल्या केल्या. तेव्हाही विरोध झाला. १८८१ मध्ये सात वर्षांची असलेली, दाराबाहेरची ती मुलगी तोवर चाळिशीच्या घरात पोहोचली असेल. थांबायची तुझी तयारी आहे काय, असे तिला कोणी विचारले नव्हते.