पूर्वपक्षाची पाने

तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकांचा इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा विद्यापीठाच्या दारातूनच आत शिरतो. इंग्लंडात 1876 साली ‘माइंड’ निघाले, त्यात 1905 साली बर्ट्रांड रसेल यांचा फ्रान्सच्या टकल्या राजावरचा गाजलेला लेख आला. आपल्याकडे अमळनेरला प्रताप शेठ या गिरणीमालकाच्या पैशातून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि 1925 पासून तिथले इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी याच मंदिरात. पुढे 1973 मध्ये पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने ती परंपरा ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टरली’च्या रूपाने चालू ठेवली, आणि 1979 मध्ये सुरेंद्र बारलिंगे यांच्या पुढाकाराने मराठी ‘परामर्श’ सुरू झाले. वंशावळ झाली. ती खरीही आहे. तिच्यात वाई मात्र कुठे येत नाही, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

वाईहून चाललेले ‘नवभारत’ हे तत्त्वज्ञानाचे मासिक आहे असे त्याच्या मुखपृष्ठाने कधी म्हटले नाही. त्यात शेती आली, नियोजन आले, धर्म, भाषा, राजकारण, समीक्षा, सगळे आले. विद्यापीठाच्या व्याख्येत ते ‘वैचारिक मासिक’ या मोघम खणात पडते. पण मराठीत तत्त्वज्ञान हे चार लोकांच्या शहाणपणाच्या गोष्टींपलीकडे, युक्तिवाद म्हणून, महिन्यामागून महिने कुठे चालले असे विचाराल तर मी आधी वाईचे नाव घेईन आणि मग पुण्याचे.

‘नवभारत’ 1947 च्या ऑक्टोबरात सुरू झाले. स्वातंत्र्याला जेमतेम दोन महिने झाले होते. शंकरराव देवांचा पुढाकार आणि संपादनाची धुरा आचार्य शं. द. जावडेकरांकडे. जावडेकर राहत इस्लामपुरात. आज आपण इस्लामपूर सांगली जिल्ह्यात धरतो, पण तेव्हा सांगली हे संस्थान होते आणि वाळवा तालुका साताऱ्यातच होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे मासिकाचा जन्म झाला तेव्हा इस्लामपूर आणि वाई एकाच जिल्ह्याची गावे. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करून असहकाराच्या चळवळीत उतरलेला, 1938 मध्ये ‘आधुनिक भारत’सारखा ग्रंथ लिहिलेला माणूस तालुक्याच्या गावी बसून गांधी आणि मार्क्स यांचा हिशेब मांडतो, त्यातून सत्याग्रही समाजवाद उभा करतो, हे त्या काळी कोणाला विशेष वाटले नाही. आज वाटते.

याच सांगलीत काही काळ गुरुदेव रा. द. रानडे विलिंग्डन महाविद्यालयात शिकवत होते. त्यांनी उपनिषदांवरचा मोठा ग्रंथ 1926 मध्ये आणि महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारमार्गावरचा 1933 मध्ये प्रसिद्ध केला, दोन्ही इंग्रजीत. त्यांना जगाला सांगायचे होते. त्यात गैर काही नाही, पण ज्ञानेश्वर-तुकारामांवरचा युक्तिवाद त्यांच्याच अभंगांवर वाढलेल्या वारकऱ्याच्या हाती पडणार नाही अशा भाषेत गेला. जावडेकरांनी उलटी वाट धरली.

पुढे हे मासिक वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाकडे आले, आणि त्याचा पिंड घडला तो तिथे. ही पाठशाळा नारायणशास्त्री मराठे यांची, म्हणजे संन्यासानंतरचे केवलानंद सरस्वती. 1917 मध्ये विनोबा साबरमतीहून रजा घेऊन शिकायला आले ते यांच्याकडेच. केवलानंदांनी मीमांसाकोशाचे सात खंड रचले. त्यांचे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी कलकत्त्याहून तर्कतीर्थ होऊन परतले, मार्क्स वाचू लागले, मानवेंद्रनाथ रॉयांच्या वर्तुळात गेले आणि त्यांनी ‘जडवाद’ या नावाचे पुस्तकच लिहिले. वेदांच्या पाठशाळेत वाढलेल्या शास्त्र्याने निरीश्वरवादाची बाजू मांडावी आणि पाठशाळेने त्याला दार बंद करू नये, यामागे नुसता उदारपणा नव्हता, शिस्त होती.

ती शिस्त मीमांसेची. मीमांसेत एखाद्या प्रश्नाची चर्चा, म्हणजे अधिकरण, ठरलेल्या पायऱ्यांनी जाते. आधी विषय, मग त्याबद्दलचा संशय, मग पूर्वपक्ष, म्हणजे आपल्याला मान्य नसलेली बाजू, आणि त्यानंतरच सिद्धान्त. पूर्वपक्ष लेचापेचा मांडला तर पंडित हसतात, कारण कमजोर प्रतिपक्षावर मिळवलेला विजय त्या शास्त्रात विजय धरला जात नाही. हे वळण लागलेला संपादक लेखाकडे वेगळ्या नजरेने बघतो. लेख आपल्या मताचा आहे की नाही हे त्याच्या दृष्टीने गौण. विरुद्ध बाजू नीट समजून घेतली आहे का, हे तो आधी पाहतो. विद्यापीठीय नियतकालिकांत आज दोन अनामिक परीक्षक लेख तपासतात. ती पद्धत चांगलीच आहे, पण तिथला वाद बंद पाकिटात होतो. पूर्वपक्षाची पद्धत तो वाचकासमोर उघड्यावर आणते.

मे. पुं. रेगे या मासिकाचे संपादक झाले तेव्हा हे दोन्ही संस्कार एका माणसात भेटले. रेगे मुंबईत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, रसेल, मूर आणि कांट मुरवलेले. पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास त्यांनी मराठीत लिहिला. 1994 मध्ये तर्कतीर्थ गेल्यावर मंडळाची आणि मराठी विश्वकोशाची जबाबदारीही त्यांच्यावर आली आणि 2000 मध्ये निधन होईपर्यंत ती त्यांच्याकडे राहिली.

1983 मध्ये पुण्यात तत्त्वज्ञ दया कृष्ण आणि इतरांबरोबर रेग्यांनी एक प्रयोग केला. रसेलची विधानाची कल्पना संस्कृतात पंडितांपुढे ठेवली आणि विचारले, बोला, तुमचे म्हणणे काय? नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, प्रथम अडचण अशी की खरे किंवा खोटे ठरते ते ज्ञान, आणि ज्ञान नेहमी कोणाचे तरी असते. कोणाच्याच मनात नसलेले, तरीही खरे-खोटे असणारे ‘विधान’ ही वस्तू आणायची कुठून? हा अडाणीपणा नव्हता. रसेलने स्वतःही विधानांविषयीची आपली भूमिका पुढे बदलली.

रसेलला छळणारा प्रश्न पाहा. फ्रान्सला सध्या राजा नाही, मग ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे’ हे वाक्य कशाविषयी बोलते? आपल्याकडे हाच काटा सशाच्या शिंगाचा. न्यायाचे उत्तर थोडक्यात असे: ससा खरा आहे, शिंग खरे आहे, नाही तो फक्त त्यांचा संबंध. ‘सशाचे शिंग नाही’ म्हणजे अस्तित्वात नसलेल्या शिंगाबद्दल काही सांगणे नव्हे. सशाच्या ठिकाणी शिंगाचा अभाव आहे एवढेच सांगणे. रसेलही वाक्याची फोड करूनच सुटतो, पण दोघांची कात्री वेगळ्या जागी चालते. ती नेमकी कुठे, का, आणि त्याची किंमत काय, यावर एक अख्खा अंक भरेल. त्या संवादाचे पुस्तक 1991 मध्ये निघाले. अशा दोन परंपरांना एकमेकींचे पूर्वपक्ष होऊ देणे, ही माझ्या मते तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकाची खरी व्याप्ती. विषयसूची लांबवून ती वाढत नाही.

वाईचे गोडवे गाताना एक गोष्ट गिळता येत नाही. याच जिल्ह्यात सत्यशोधक चळवळ गावोगाव पोचली होती. कऱ्हाडजवळच्या काले गावी 1919 मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1942 नंतर नाना पाटलांचे प्रतिसरकार याच मुलखात उभे राहिले. इस्लामपूरच्याच तालुक्यातल्या कासेगावी गेल ऑम्वेट अनेक वर्षे राहिल्या आणि सत्यशोधक चळवळीकडे त्यांनी सांस्कृतिक बंड म्हणून पाहिले. ज्ञान कोणाचे, शास्त्र कोणाच्या बाजूने बोलते, हे ज्ञानमीमांसेचेच प्रश्न होते, पण ते शेतावरून आणि संपातून विचारले जात होते. घाटावरच्या पाठशाळेला हा पूर्वपक्ष जेवढ्या ताकदीने मांडावा लागायला हवा होता तेवढ्या ताकदीने तो मांडला गेला, असे मला वाटत नाही. चार्वाकाला जागा देणे सोपे असते, तो दोन हजार वर्षांपूर्वीचा असतो.

आणि आता? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमांनी प्राध्यापकाच्या बढतीला गुणांक जोडले. नियतकालिकांच्या मान्य याद्या आल्या, मग ‘केअर’ यादी आली, आणि 2025 मध्ये आयोगाने तीही बंद केली. मधल्या काळात तत्त्वज्ञानाचे लेख भरमसाट निघाले. विट्याच्या किंवा कऱ्हाडच्या महाविद्यालयातल्या तरुण अध्यापकाचा लेख छापून येतो, प्रमाणपत्र मिळते, फायलीत लागते. त्यावर पुढच्या अंकात कोणी चार पाने खोडून काढणारे उत्तर लिहिले, असे क्वचितच घडते. कारण उत्तराला गुण नाहीत. संपादकांनी निदान एवढे करावे: प्रत्येक अंकात मागच्या अंकातल्या एका लेखाचे खंडन छापावे, तेही लेखकाच्या संमतीने निवडलेल्या त्याच्या कट्टर विरोधकाकडून.